अंगात असलेली माणसं

शिमग्याच्या दिवसांत, भर दुपारी, पेणच्या रामवाडी नाक्यावर एक बाई मिनिडोर रिक्षाची वाट बघत उभी होती. हिरवं नऊवारी, कोपरापर्यंत बांगड्या, अंबाड्यावर कागदी फुलांची वेणी. जवळ गेल्यावर कळलं की तो वीस-बावीस वर्षांचा मुलगा आहे. ओठांवरची लाली घामानं ओघळली होती आणि लुगड्याच्या काठाखाली पांढरे कॅनव्हासचे बूट दिसत होते. सकाळपासून गावोगाव सोंग नाचवून पोस्तीचे पैसे गोळा झाले असणार, बाकीची पोरं पांगली असणार आणि हा एकटाच घरी निघाला असणार. तेवढ्यात एसटीच्या विभागीय कार्यालयाकडून एक गाडी वळली. धुरळ्याचा लोट आला. त्यासरशी त्यानं मान जराशी आत वळवली, उजव्या हाताच्या दोन बोटांनी पदराचं टोक उचललं आणि नाकातोंडावर धरलं. गाडी गेली, धूळ बसली, तसा पदर सोडला आणि तोच हात सहज कमरेवर ठेवला.

त्या वेळी त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं. सोंग केव्हाच संपलं होतं. गावात तो बाईपणाची नक्कल करत असेल, ठुमकत असेल, लोकांना हसवत असेल. नाक्यावर मात्र नक्कल नव्हती. धुळीत पदर असा धरायचा, मान अशी वळवायची, हे त्याला कोणी शिकवलेलं नसणार. आजी त्याला कडेवर घेऊन याच रस्त्याच्या कडेला उभी राहिली असेल, धूळ आली की त्याच पदरात त्याचंही तोंड झाकलं असेल. ती हालचाल त्याच्या अंगात उतरली आणि इतकी वर्षं तशीच पडून राहिली. शर्टपँटीत तिला वाव नव्हता. लुगडं नेसल्यावर ती वर आली.

अंगात येणं म्हटलं की आपल्याला घुमणारी माणसं आठवतात, मोकळे केस, हळदीचा मळवट, ढोलाचा ठेका. पण अंगात येणारी बहुतेक माणसं अशी वाजतगाजत येत नाहीत. मी दूध तापत ठेवून ओट्याशी उभी असते तेव्हा एका पायावर भार टाकून दुसऱ्या पायाचं पाऊल पोटरीला लावते. माझी आजी चुलीपाशी अशी उभी राहायची. तिच्या हातचं एकही भांडं माझ्याकडे नाही, फोटो आहे तोही कोणाच्या तरी लग्नातला, गर्दीतला. तिचं उभं राहणं तेवढं माझ्याकडे आलं आहे, आणि ते मी मागून घेतलं नव्हतं.

निखिल चोप्रा या कलावंताबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला शिमगाच आठवला होता. तो राहतो गोव्यात. त्याचे आजोबा योगराज चोप्रा काश्मीरची निसर्गचित्रं काढायचे. नातवानं आजोबांवरून एक पात्र उभं केलं, योगराज चित्रकार, आणि तो स्वतःच ते पात्र झाला. लोकांसमोर झोपून उठायचं, तोंड धुवायचं, दाढी करायची, कपडे चढवायचे, जेवायचं आणि कोळशानं भिंतभर चित्र काढायचं. तासन्तास, काही वेळा दिवसच्या दिवस. संवाद नाही, कथानक नाही. 2019 च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात तो असा सलग नऊ दिवस राहिला. पोशाख बदलत, माणसं बदलत, मोठ्या पडद्यावर आकाश, पाणी आणि जमीन रेखाटत. बघणारे येत होते, थांबत होते, जात होते.

परफॉर्मन्स आर्ट म्हणतात याला. चित्राऐवजी चित्रकाराचं अंगच समोर असतं. मुंबई-पुण्यातल्या दालनांत असलं काही पाहून बाहेर पडणारे कित्येकदा म्हणतात, ‘यात कला ती काय?’ मला हा प्रश्न परका वाटतो. ज्या मुलखात दरवर्षी फाल्गुनात नांगर धरणारे हात बांगड्या भरतात, ज्या रोह्यात दसऱ्याच्या सुमारास निघणाऱ्या धावीर महाराजांच्या पालखीला खाकी वर्दीतले पोलीस बंदुका घेऊन मानवंदना देतात, तिथल्या माणसाला अंगावर पोशाख चढवून दुसरं कोणी होणं आणि त्या होण्याला सगळ्या गावानं मान देणं नवीन नाही. मुंबईचा अमोल पाटील हा तरुण कलावंत 2022 मध्ये जर्मनीतल्या कासल शहरातल्या डॉक्युमेंटा या मोठ्या प्रदर्शनात पोचला. त्याचे आजोबा पोवाडे रचत आणि वडील कामगारांच्या आयुष्यावर नाटकं लिहीत. चाळीतलं, गिरणगावातलं अंग त्याच्या कामात येतं ते या दोघांमधून चालत आलेलं. पोवाडा म्हणणारा डफ उचलतो, छाती पुढे काढतो आणि एक पाय पुढे टाकतो तेव्हा तो शब्दांच्या आधीच अर्धा पोवाडा म्हणून मोकळा झालेला असतो.

आमच्या खारेपाटात अंगाची एक जुनी शिस्त होती, तिला नाचाचं नाव कोणी दिलं नाही. समुद्राच्या खाऱ्या पाण्यापासून शेतं राखायला बांध घातलेले. भरतीच्या उधाणात बांधाला खांड गेली की एका रात्रीत खारं पाणी शेतात शिरणार आणि पुढची काही वर्षं तिथे भात पिकणार नाही. मग हाकारा व्हायचा. कंदील घेऊन माणसं धावायची, बाया-बाप्ये सगळे. एक रांग लागायची, चिखलाच्या जागेपासून खांडीपर्यंत. पहिला गोळा उचलणार, दुसऱ्याच्या हातात देणार, दुसरा कमरेतून वळून तिसऱ्याच्या. पाय चिखलात रुतलेले, त्यामुळे पाऊल हलवायचं नाही. हलायचं फक्त कमरेवरचं अंग. डावीकडून घ्यायचं, उजवीकडे द्यायचं. रांगेतला एक जण चुकला तर गोळा पडायचा आणि सगळ्यांची लय तुटायची. म्हणून कोणीतरी तोंडानं ठेका धरायचा. म्हातारी माणसं ही गोष्ट सांगतात तेव्हा बसल्या जागी त्यांचे खांदे डावीकडून उजवीकडे वळतात. गोष्ट त्यांच्या तोंडात आहे त्याहून जास्त कमरेत आहे.

आता खारबंदिस्तीची कामं यंत्रानं होतात, आणि व्हावीत. कंबरडं मोडणाऱ्या कष्टांचे गोडवे गाणं मला जमत नाही. पण मुलांच्या स्नेहसंमेलनात कोळीगीत लागतं, कमरेला रुमाल बांधलेली मुलं पुठ्ठ्याची वल्ही मारतात, तेव्हा माझं लक्ष त्यांच्या खांद्यांकडे जातं. वल्हं पाण्यात नाही, त्याला पाण्याची ओढ नाही, म्हणून खांदा मोकळाच फिरतो. मुलं छानच नाचतात. पण ज्या जोराविरुद्ध ती हालचाल जन्माला आली, तो जोर नाही. एखादा मुलगा मात्र त्यात वेगळा दिसतो. वल्हं मागे ओढताना त्याची मान खांद्यात शिरते, दात आवळले जातात. पुठ्ठ्याच्या वल्ह्यालाही तो पाण्याचं वजन देतो. तो कोणत्या आळीतून शाळेत येतो ते विचारावं लागत नाही.

पेणमध्ये हेच मी गणपतीच्या कारखान्यांत पाहते. आषाढ सरला की कारखाने रात्रभर जागे असतात. माती मळणारे, साच्यातून मूर्ती काढणारे, सांधे बुजवणारे, अंगाचा रंग मारणारे असे वेगवेगळे हात. सगळ्यांत शेवटी आखणी. डोळे उघडायचे ते काम. आखणी करणारी एक बाई मी जवळ बसून पाहिली. मूर्ती मांडीशी घेतली, कुंचला काळ्या रंगात बुडवून नखावर टेकवला, जास्तीचा रंग निपटला. करंगळी मूर्तीच्या गालावर टेकली. मग तिचा श्वास थांबला. वरच्या पापणीची रेघ एका दमात, आतल्या कोपऱ्यापासून बाहेर, शेवटाला किंचित उचललेली. रेघ संपली तेव्हा श्वास सुटला. दुसरा डोळा, पुन्हा तसंच. एका दिवसात अशा कितीतरी डोळ्यांसाठी ती श्वास धरते. कोणी शिकवलं, म्हटलं तर म्हणाली, ‘सासूबाईंच्या बाजूला बसायचे.’ एवढंच. शिकवलं असं ती म्हणालीच नाही.

पेणच्या गणेशमूर्तींना 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि ते मिळायलाच हवं होतं. नाव राखायला कागद लागतो. तो थांबवलेला श्वास मात्र बाजूला बसण्यातूनच पुढे जाणार, आणि बाजूला बसायला वेळ असलेल्या मुली कारखान्यात कमी दिसतात. कॉलेज आहे, मुंबईची नोकरी आहे, आणि त्यांनी तिथे जाऊ नये असं मी कोणत्या तोंडानं म्हणू?

इथवर मी लिहिलं ते अंगात आपसूक आलेल्या गोष्टींबद्दल. दुसरी एक तऱ्हा आहे, आणि ती मला जास्त छळते. कधी कधी वारसा अंगावर लादला जातो. तुम्ही कोण आहात हे दुसरं कोणीतरी ठरवतं आणि तुमच्या अंगावर चढवतं.

याच भागातल्या एका शाळेच्या संमेलनाला गेले होते. कार्यक्रमपत्रिकेत ‘आदिवासी नृत्य’ होतं. मुली रंगमंचावर आल्या. कमरेला हिरव्या क्रेप कागदाच्या पानांचे घागरे, डोक्याला पिसं, गोऱ्या मुलींच्या तोंडाला काळा रंग. अर्थ नसलेल्या आरोळ्या, हातात भाले. दुसऱ्या ओळीत एक मुलगी होती, तिच्या तोंडाला रंग लावलेला नव्हता. ती कातकरी वाडीवरची. बाकीच्या मुलींना जे होण्यासाठी रंगवलं होतं ते ती मुळातच आहे, असं ठरवून तिला तशीच सोडली होती. तिचे पाय बरोबर पडत होते, चेहऱ्यावर काही नव्हतं. तिची आई मागे, खुर्च्यांच्या पलीकडे उभी होती. पाचवारी साडी, कडेला लहानगं. माझ्याकडे वळून तिनं विचारलं, ‘ताई, ही कुठली लोकं?’

तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. तिच्या सात पिढ्यांत कोणी पिसं लावली नव्हती. कातकऱ्यांनी काताचं काम केलं, कोळसा पाडला, मासे धरले, कंद खणले, जंगलातली झाडं त्यांना वासावरून कळतात. यांतलं काहीच रंगमंचावर नव्हतं. होतं ते कोणत्या तरी सिनेमातून आलेलं, जंगलातल्या माणसांविषयीचं शहराचं भय आणि शहराची करमणूक. आणि ती करमणूक त्या मुलीनं स्वतःच्या अंगानं करून दाखवायची होती. टाळ्या पडल्या. मला त्या टाळ्या अजून ऐकू येतात आणि राग येतो.

त्या रात्री मला रुमाना हुसेन आठवल्या. मुंबईत राहून काम केलेल्या चित्रकर्ती, 1952 चा जन्म, 1999 मध्ये कर्करोगानं गेल्या. डिसेंबर 1992 मध्ये बाबरी मशीद पाडल्यावर मुंबई पेटली, दारांवरच्या नावाच्या पाट्या उतरवल्या गेल्या, आणि अनेकांना पहिल्यांदाच कळलं की आपलं नाव हेच आता आपलं अंग झालं आहे. रुमाना कॅनव्हासवर चित्रं काढायच्या, त्या घटनांनंतर त्यांनी स्वतःचं शरीर पुढे आणलं. 1995 मध्ये मुंबईच्या एनसीपीएच्या आवारात त्यांनी एक सादरीकरण केलं. पायात घुंगरू, हातात कापलेली पपई, तोंड उघडं आणि त्यातून आवाज नाही. त्या अशा चालत राहिल्या. घुंगरू म्हटले की नाच येतो, नाचाबरोबर बघणाऱ्यांच्या मनात मुसलमान बाईची एक ठरलेली प्रतिमा येते. ती प्रतिमा त्यांनी स्वतःच पायात बांधली आणि तिच्यासकट न ओरडता ओरडत राहिल्या. दुसऱ्यांनी चढवलेलं सोंग काढून टाकता येत नसेल तर ते घालून असं चालायचं, की बघणाऱ्याला बसवेनासं व्हावं. हे करायला वय लागतं, धैर्य लागतं. आठवीतल्या मुलीकडून ती अपेक्षा कशी करायची?

नंतर त्या वाडीवर माझं जाणं होऊ लागलं. मुलीची आजी अंगणात बसलेली असायची. तिच्या डाव्या हातावर, मनगटापासून वर, गोंदण होतं. तुळस, तिच्या दोन बाजूंना ठिपके, वर एक विंचू. हनुवटीवर तीन ठिपके. हिरवट-निळं झालेलं, सुरकुत्यांत अर्धं बुडालेलं. ‘हात ओढून लांब करा, मग दिसंल,’ असं म्हणून तिनं स्वतःच कातडी ताणून धरली. गोंदणारीण गावात आली की पोरींना धरून बसवायचे. सुयांचा जुडगा, काजळी, वर हळद. रडलं तर हसायचे. का गोंदायचं, तर मेल्यावर बरोबर तेवढंच येतं. दागिने काढून घेतात, लुगडंही जळतं, गोंदलेलं कोणी काढून घेऊ शकत नाही.

ही समजूत मी बऱ्याच म्हाताऱ्यांकडून ऐकली आहे. त्या अंगणात मात्र ती वेगळी ऐकू आली, कारण ते अंगणही त्यांच्या नावावर नव्हतं. रायगडातल्या अनेक कातकरी वाड्यांची हीच गत आहे. पिढ्यान्‌पिढ्या घर तिथेच, पण घराखालची जमीन सातबाऱ्यावर दुसऱ्याची. म्हणजे वारस म्हणून नोंद लागेल असं काही नाही. अशा घरात आजीकडून नातीला जे मिळतं ते सगळं अंगावाटे मिळतं. कोणत्या पाल्याचा रस जखमेवर पिळायचा ते बोटांना, खेकड्याचं बीळ कोणतं आणि सापाचं कोणतं ते डोळ्यांना, ओढ्यात मासा पायाला लागला की पाय न हलवता कसं वाकायचं ते कमरेला.

नातीच्या हातावर गोंदण नाही. मी विचारलं तर तिनं मेंदीचा रंग उरलेला तळवा दाखवला आणि हसली.

दिवाळी झाली की वाडी रिकामी होते. मुकादम उचल देऊन ठेवतो, कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर जातात, काही थेट कर्नाटकापर्यंत, ती पावसाच्या तोंडाला परततात. भट्टीवर पहिलं काम मातीचं. माती भिजवायची, तुडवायची. बायका तुडवतात, मुलंही तुडवतात. क्युबाची आना मेंदिएता मला आठवते ती इथे. 1961 मध्ये, बारा वर्षांची असताना, तिला बहिणीसह अमेरिकेत धाडलं गेलं. आईबापांपासून दूर, अनाथालयांत आणि परक्या घरांत ती वाढली. मोठी झाल्यावर, 1973 पासून, ती जमिनीवर आपल्या शरीराचा ठसा उमटवू लागली. मेक्सिकोच्या मातीत, आयोवाच्या चिखलात, गवतात, वाळूत, बर्फात. झोपायची, उठायची, आकार तेवढा ठेवायची आणि पाणी-वारा तो पुसून टाकेपर्यंतची छायाचित्रं काढायची. ज्या जमिनीपासून तिला तोडलं होतं तिच्याऐवजी ती जिथे असेल त्या मातीला अंग लावत गेली. कलेच्या इतिहासात त्या ठशांना जागा मिळाली. परमुलखातल्या भट्टीवर तुडवलेल्या मातीत आमच्या तालुक्यातल्या बाईची पावलं उमटतात, त्या मातीची वीट होते, आणि वीट कुठल्या तरी इमारतीत जाते. त्या इमारतीत राहणाऱ्यांपैकी मीही एक आहे.

एकदा मी त्या मुलीला विचारलं, ‘त्या दिवशी शाळेत नाचलीस ते सोड. तुमचा नाच कसा असतो, मला दाखवशील?’

ती लाजेल असं मला वाटलं होतं. ती लाजली नाही. तिनं जरा विचार केला, अंगणात दोन पावलं टाकली, हात बाजूला पसरला, आणि तो हात घ्यायला कोणी नाही म्हणून खाली आणला.

‘एकटीनं नाय होत तो,’ ती म्हणाली. ‘फेर धराया लागतो. हिचा हात तिच्या कमरेत, तिचा हिच्या. मधी ढोलवाला. एक बाय म्हनते, बाकीच्या उचलतात.’

आजीनं बसल्या जागेवरूनच दुरुस्ती केली, पाय आधी डावा.

‘मग कधी बघायला मिळेल?’

‘होळीला. भट्टीवरनं येतात ना सगळी.’

‘सगळी येतात?’

तिनं आजीकडे पाहिलं. आजीनं बोटांवर मोजायला सुरुवात केली. अमक्याची उचल फिटली आहे, तो येईल. तमक्यानं लग्नासाठी वाढीव घेतली, त्याला मुकादम सोडेल का बघायचं. धाकटी जाऊ बाळंत आहे, ती तिथेच राहील. ढोल चांगला वाजवतो तो यंदा कर्नाटकात आहे, तिकडून यायचं म्हणजे भाड्याचे पैसे.

मोजता मोजता तिची बोटं संपली, तशी तिनं दुसरा हात पुढे घेतला.